दंतरोपण: दरपत्रकात न दिसणारा खर्च

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७मध्ये हृदयरोग्यांसाठीच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांनाही ती लागू केली. शरीरात कायमची बसवली जाणारी वस्तू बाजारातील इतर वस्तूंसारखी नसते. रुग्ण तिची पारख करू शकत नाही, घासाघीस करू शकत नाही आणि ती परतही करू शकत नाही, हे तत्त्व या दोन निर्णयांनी मान्य केले. अशीच आणखी एक वस्तू मात्र धोरणकर्त्यांच्या नजरेबाहेर राहिली. जबड्याच्या हाडात रोवले जाणारे टायटॅनियमचे कृत्रिम मूळ, म्हणजेच डेंटल इम्प्लांट.

या उपचाराविषयी माझ्या मनात किंतु नाही. टायटॅनियम आणि जिवंत हाड एकमेकांशी घट्ट सांधले जातात, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनमार्क यांना १९५०च्या दशकात सशांवरील प्रयोगांत आढळले आणि १९६५मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर दंतरोपण केले. योग्य रुग्ण, कुशल हात आणि नियमित देखभाल असेल तर शंभरातील नव्वदहून अधिक रोपणे दहा वर्षे टिकतात. ब्रिजसाठी शेजारचे निरोगी दात घासावे लागतात, तसे येथे करावे लागत नाही; कवळीसारखे रोज काढ-घाल करण्याची गरजही नसते. प्रश्न उपचाराचा नाही, तो ज्या रीतीने विकला जातो त्याचा आहे.

देशातील बहुतेक शहरांत एका दाताच्या रोपणाचा खर्च साधारण वीस-पंचवीस हजारांपासून साठ हजार रुपयांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक सांगितला जातो. या आकड्यात नेमके काय धरले आहे, हे मात्र क्वचितच स्पष्ट असते. काही ठिकाणी तो केवळ हाडात बसवायच्या स्क्रूचा असतो. त्यावरील जोडभाग आणि कॅप यांचे पैसे वेगळे. दात पडून बरीच वर्षे लोटली असतील तर हाड झिजलेले असते आणि आधी हाडाची भर घालावी लागते. वरच्या दाढांच्या ठिकाणी सायनसचा तळ उचलण्याची शस्त्रक्रिया लागू शकते. त्रिमितीय स्कॅन, तात्पुरता दात, औषधे आणि तीन ते सहा महिन्यांच्या प्रतीक्षेतील फेऱ्या यांची भर पडते. संपूर्ण जबड्याचे काम असेल तर हिशेब लाखांत जातो.

गुंतागुंतीचा खर्च तर कोणत्याच दरपत्रकात नसतो. काही रोपणे हाडाशी सांधलीच जात नाहीत आणि काढावी लागतात. खालच्या जबड्यातील चेतातंतूला इजा झाली तर ओठ व हनुवटी बधिर होतात, कधी कायमची. पुढे स्क्रू सैल होतो, कॅप तुटते. सर्वांत चिवट त्रास म्हणजे रोपणाभोवतीची हिरडी व हाड यांना होणारा जंतुसंसर्ग. अनेकदा तो वेदनेविना वाढत जातो आणि लक्षात येईपर्यंत हाड झिजलेले असते. त्याच्या प्रमाणाविषयी अभ्यासांतील आकडे भिन्न आहेत, पण काही वर्षांनी सुमारे पाचांतील एका रुग्णाला तो गाठतो, असा एक प्रचलित अंदाज आहे.

अनियंत्रित मधुमेह, तंबाखू, हिरड्यांचा जुना आजार आणि हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधे यांमुळे हा धोका वाढतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीनुसार २८.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात. थोडक्यात, ज्या कारणांनी भारतीयांचे दात जातात, नेमकी तीच कारणे त्या जागी बसवलेल्या रोपणालाही घातक ठरतात. हे रुग्णाला आधी सांगणे हा सौजन्याचा नव्हे, कर्तव्याचा भाग आहे. उपचारातील धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८मध्येच स्पष्ट केले आहे.

हा सारा भार पेलतो कोण? सर्वसाधारण आरोग्य विम्यात अपघाताखेरीज दंतोपचार बहुधा वगळलेले असतात. ‘आयुष्मान भारत’चे कवच ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना मिळाले हे स्वागतार्ह; परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. दात हरवण्याचे वय आणि विम्याचे वय जुळले, तरी दंतरोपण त्या कवचाबाहेरच. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना आज नव्या अर्थाने कळते.

माझ्या एका निवृत्त सहकाऱ्याने एका शहरात रोपण करून घेतले आणि चार वर्षांनी मुलाकडे दुसऱ्या राज्यात असताना त्याचा स्क्रू सैल झाला. तेथील दंतवैद्याचा पहिला प्रश्न होता: रोपण कोणत्या कंपनीचे, कोणत्या मापाचे? प्रत्येक कंपनीचे सुटे भाग वेगळे असतात. सहकाऱ्यापाशी एक साधी पावती होती आणि मूळ दवाखाना बंद झालेला होता. किरकोळ दुरुस्तीऐवजी नव्याने सारे करावे लागले.

ही एकट्याची कथा म्हणून सोडून देता येणार नाही. एका बहुराष्ट्रीय कंपनीचा खुब्याचा सदोष सांधा २०१०मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला, तेव्हा भारतात तो बसवलेल्या हजारो रुग्णांपैकी बहुतेकांचा ठावठिकाणा लागला नाही. नोंदीअभावी भरपाई देणेही अवघड झाले. त्यानंतर आलेल्या २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी परवान्याची चौकट उभी केली. पण कोणते रोपण कोणाच्या जबड्यात आहे आणि ते किती वर्षे टिकले, याचा हिशेब ठेवणारी यंत्रणा दिसत नाही.

या उदासीनतेला इतिहास आहे. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२०मध्ये कोलकात्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय सुरू केले आणि १९४८मध्ये दंतवैद्य कायदा झाला. आज तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, बहुसंख्य खासगी. शिक्षण वाढले, सार्वजनिक सेवा मात्र वाढली नाही. सरकारी दवाखान्यात दात काढून मिळतो. त्या जागी दुसरा मिळणे दुर्मीळ. दात ही ज्याची त्याची खासगी बाब, ही समजूत प्रशासनात मीही वर्षानुवर्षे पाहिली आहे.

केवळ किंमत बांधून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. स्क्रूची किंमत ठरवली तर तीच रक्कम शस्त्रक्रियेच्या किंवा कॅपच्या रकान्यात सरकेल. त्यापेक्षा चार गोष्टी अधिक उपयोगी ठरतील. पहिली, उपचाराआधी टप्पानिहाय लेखी अंदाजपत्रक. त्यात रोपण अपयशी झाल्यास खर्च कोणी सोसायचा याचा उल्लेख असावा. दुसरी, कंपनी, मॉडेल, माप आणि खेप क्रमांक नोंदवलेले रोपणपत्र प्रत्येक रुग्णाला देण्याची सक्ती. तिसरी, राष्ट्रीय नोंदवही. २०२३च्या कायद्याने योजलेल्या राष्ट्रीय दंत आयोगाने हे काम अग्रक्रमाने हाती घ्यावे. चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, ज्येष्ठांना जिल्हा रुग्णालयांत चांगली कवळी मोफत वा अल्प दरात मिळण्याची हमी. रोपण हा अनेकांसाठी उत्तम पर्याय असेल. तो एकमेव पर्याय असू नये.

यांपैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी सरकारी तिजोरीतून जवळजवळ काहीच खर्च होणार नाही. एक अधिसूचना आणि तिची अंमलबजावणी एवढेच लागेल. तोवर अंदाजपत्रक आणि रोपणपत्र लेखी मागून घेण्याचा हक्क रुग्णांनी स्वतःच बजावावा. नीट चावून खाता येणे ही चैनीची बाब नाही. वृद्धापकाळातील पोषण त्यावरच अवलंबून असते.