उचलीच्या ओझ्याखालचा गर्भ

गर्भवतीला ‘आनंदी राहा’ असा उपदेश करण्यास काहीच पडत नाही. तिला आनंदी राहता येईल अशी परिस्थिती निर्माण करण्यास मात्र पैसा लागतो. गर्भसंस्कारांच्या वर्गांना आज जी बरकत आली आहे, तिचे एक कारण हेच आहे. या उपदेशकांनी दिवाळीच्या सुमारास नांदेड जिल्ह्यातील कंधार-मुखेड वा लातूर जिल्ह्यातील जळकोट-अहमदपूर तालुक्यांत एकदा जावे. ऊसतोडीला निघालेल्या गाड्यांत गर्भवती स्त्रियाही असतात. मुकादमाची उचल नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून घेतात. ती बसली की कोयता मोडतो. खाडा झाला की दंड उचलीत चढतो. पोटात गर्भ आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी ही स्त्री मनाने दुबळी नाही. कर्जाने बांधलेली आहे.

आईवर ताण आला की तिच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढते. त्यातील बराचसा भाग वारेतील एक विकर निष्प्रभ करते. परंतु ताण दीर्घकाळ टिकला तर हा बांध अपुरा पडू शकतो. अकाली प्रसूतीचा आणि बाळाचे वजन अडीच किलोहून कमी भरण्याचा धोका वाढतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९९८ साली हिमवादळाने वीज गेली, तेव्हा गर्भवती असलेल्या स्त्रियांच्या मुलांचा पुढे अभ्यास झाला. आईवर प्रत्यक्ष गुजरलेल्या हालांचा माग मुलांच्या भाषिक व बौद्धिक विकासात आढळला. तेथे प्रश्न काही दिवसांचा वा आठवड्यांचा होता. येथे हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो आणि तो दरवर्षी येतो.

शासन काय देते? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवतीला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेने तो पहिल्या अपत्यापुरता आणि ५,००० रुपयांवर आणला. २०२२ पासून दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. दुसरा मुलगा झाला तर त्या आईने गर्भ वाहिलाच नाही काय? पूर्ण ६,००० धरले तरी नऊ महिन्यांत दिवसाला सुमारे २२ रुपये पडतात. संघटित क्षेत्रातील स्त्रीला मात्र २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे.

‘एवढा पैसा आणायचा कोठून?’ असे विचारले जाईल. हा खर्च आजही होतोच; फक्त तो साखरेच्या हिशेबात न धरता पोटातील बाळाच्या नावे मांडला जातो. तो कारखाना आणि शासन यांच्या खात्यावर मांडला पाहिजे. गर्भवतीचा खाडा दंडमुक्त करा, तिला प्रसूतीपूर्वी व नंतर मजुरीइतका भत्ता द्या, आणि तो प्रत्येक बाळंतपणाला द्या. तोवर गर्भसंस्काराचा उपदेश ही श्रमिक स्त्रीची क्रूर थट्टाच ठरेल.