मैफलीत वाढलेले गाणे

मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयाबाहेर, छोट्या स्वतंत्र कंपन्यांच्या आधाराने वाढलेल्या रॉक संगीताला ‘इंडी रॉक’ म्हणतात, आणि त्यातले एखादे दुर्लक्षित गाणे प्रत्यक्ष कार्यक्रमात ऐकल्यावरच कसे उमगते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘द नॅशनल’ या अमेरिकी बँडचे ‘अबाउट टुडे’. २००४ साली निघालेल्या ‘चेरी ट्री’ या ‘ईपी’वर, म्हणजे पूर्ण आल्बमपेक्षा आखूड ध्वनिमुद्रिकेवर, दुरावत चाललेल्या जोडप्याविषयीचे हे गाणे मॅट बर्निंजरच्या खर्जातल्या आवाजात चारेक मिनिटांत जवळजवळ पुटपुटत संपते, त्यामुळे ते नजरेआड झाले यात नवल नाही. कार्यक्रमात मात्र शब्द संपल्यावरच त्याचा खरा विस्तार सुरू होतो: ब्रायन डेव्हेंडॉर्फचे ड्रम दाट होत जातात, डेसनर बंधूंच्या गिटारी मोजक्याच स्वरांभोवती चढत राहतात (यात ख्यालातली बढत शोधण्याचा मोह आवरलेला बरा, कारण येथे राग उलगडत नाही, केवळ ध्वनीचा भार वाढतो), आणि गाण्यातल्या माणसाला जे विचारण्याचे धैर्य होत नाही, ते वाद्ये बोलू लागतात. २००८ च्या ‘द व्हर्जिनिया ईपी’त या गाण्याच्या प्रत्यक्ष सादरीकरणाचे मुद्रण समाविष्ट झाले, आणि २०११ च्या ‘वॉरियर’ चित्रपटाच्या अंतिम प्रसंगामुळे ते अशा मैफलींना कधीही न गेलेल्या प्रेक्षकांपर्यंतही पोहोचले.