गळ टाकण्यापूर्वीं

सुटी लागली कीं कोंकणांतील गांवीं गेलेल्या तरुण मंडळींस गळ घेऊन पाण्याकडे धांवण्याची हौस वाटते, आणि ‘चांगली जागा कोणती?’ हा प्रश्न वडीलधाऱ्यांस विचारला जातो. मत्स्याहाराच्या विधिनिषेधांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. ज्या घरीं मासा चालतो त्या घरच्या मुलांनीं तो विचारानें धरावा, इतकेंच आमचें म्हणणें.

पाण्याच्या बाबतींत जागा म्हणजे केवळ स्थळ नव्हे. स्थळ आणि वेळ यांचा तो संयोग होय. खाडीच्या मुखाशीं जो खडक ओहोटींत ओस दिसतो, त्याच खडकाशीं भरती अर्धी चढली कीं वर्दळ सुरू होते. कारण लहान मासळी पाण्याबरोबर आंत शिरते व तिच्या पाठोपाठ मोठी येते. ही वेळ काढण्यास घरांतील पंचांग पुरें. पक्ष कोणताही असो, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली कीं मुंबईच्या आसपास पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानानें मिळते: चतुर्थीस ३, अष्टमीस ६, एकादशीस सव्वाआठ. रत्नागिरीकडे ती कांहींशी आधीं येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें व पाण्यास ओढ जबर असते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. नवशिक्यानें भांगाचे दिवस धरावे, आणि खडकावर बसण्यापूर्वीं परतीची वाट भरतीनें बुडणार नाहीं ना, हें पाहावें.

स्थळाच्या खुणा अवघड नाहींत. खाडींत तिवरांच्या मुळांशीं, जुन्या धक्क्याच्या खांबांशीं व खडकांच्या कपारींत तांबोशी दडते. बोय थव्यानें उथळ पाण्यांत फिरते. नदीच्या वळणावर बाहेरचा कांठ पाहावा, कारण प्रवाह तोच खोल कोरतो. खळाळ जेथें डोहांत उतरतो तेथें वाहत आलेलें भक्ष्य माशांस आयतें मिळतें. कांठीं उंबर असल्यास पाण्यांत पडणाऱ्या फळांवर महाशीर येतो.

परंतु उत्तम जागा ओळखणें आणि ती उजाड करणें यांत अंतर थोडें आहे. पहिल्या पावसांत नदीचे मासे अंडीं घालण्यास ओढ्यांत व भातखाचरांत चढतात; यासच वलगण म्हणतात. तेव्हां ते हातानेंहि सांपडतात, आणि म्हणूनच तेव्हां ते धरूं नयेत. एका मादीबरोबर सहस्रावधि अंडीं जातात. जिताड्याची गोष्ट तर विलक्षण आहे. तो आरंभीं नर असतो व वाढल्यावर मादी होतो. म्हणजे ज्या थोरल्या जिताड्याबरोबर छायाचित्र काढण्याची हौस असते, ती बहुधा माताच असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. गळ धरणाऱ्यानेंहि तो काळ आपण होऊन पाळावा.

महाड तालुक्यांत काळ नदीवरील वाळणकोंडीच्या डोहांत, तसेंच वैतरणेच्या कांठीं तिळसे येथें, देवाचे मासे म्हणून ते राखले जातात. श्रद्धेचें कारण कोणास पटो वा न पटो, बीज मात्र तेथें शिल्लक राहतें.

तेव्हां गांवीं गेल्यावर प्रथम तेथील कोळी, गाबीत वा भोई यांस विचारावें. ज्यांचें पोट त्या पाण्यावर आहे त्यांस जागा ठाऊक असते, धोका ठाऊक असतो, आणि हात कोठें आवरावा हेंहि ठाऊक असतें. या तिसऱ्या ज्ञानावांचून पहिलीं दोन फार दिवस उपयोगी पडत नाहींत.