हलक्या चित्रपटाची हलकी प्रत

परवां एका विद्वान् स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत 'इट हॅपन्ड वन नाइट' हा १९३४ सालचा अमेरिकन बोलपट पाहण्याचा योग आला. योग म्हणावयाचा तो शिष्टाचार म्हणून. वास्तविक तो भोग होता. स्नेह्यांनीं स्वस्तांत मिळविलेली ती डीव्हीडी कोणीं काढली होती हें सांगून त्या कंपनीची फुकट जाहिरात करण्याची माझी इच्छा नाहीं. चित्रांत रात्र झाली कीं सारें काळेंकुट्ट, दिवस उजाडला कीं सारें पांढरेंफटक. आणि क्लार्क गेबल आडवा ताणला गेल्यामुळें तालमींतून नुकताच बाहेर पडलेल्या पहिलवानासारखा रुंद दिसत होता. मीं कुरकुर करतांच स्नेही म्हणाले, "अहो, हा कांहीं बर्गमन नव्हे! विनोदी चित्र आहे. हंसावें आणि सोडून द्यावें. हंसूं आलें कीं नाहीं तुम्हांला?"

हंसूं आलें, हें मीं कबूल केलें. परंतु त्या प्रश्नांत जें गृहीत धरलें आहे, त्याशींच माझें भांडण आहे. गंभीर चित्राची प्रत स्वच्छ हवी आणि विनोदी चित्राची कशीही चालेल, हा समज आपल्या सुशिक्षित घरांत इतका मुरलेला आहे कीं तो समज आहे हेंही कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. रसिकतेच्या नांवाखालीं चालणारा हा एक प्रकारचा सोंवळेपणा आहे.

ज्या चित्राविषयीं ही बेफिकिरी दाखविली गेली तें तरी कोणतें? सॅम्युएल हॉपकिन्स अॅडम्स यांच्या 'नाइट बस' या कथेवरून रॉबर्ट रिस्किन यांनीं पटकथा लिहिली आणि फ्रँक काप्रा यांनीं तें दिग्दर्शित केलें. धनाढ्य बापाची हट्टी मुलगी घरांतून पळते, मायामीहून न्यू यॉर्कला जाणारी बस पकडते, आणि नोकरी गमावलेला एक वार्ताहर तिच्या गळ्यांत पडतो, एवढीच गोष्ट. उत्कृष्ट चित्र, दिग्दर्शन, नट, नटी आणि पटकथा हीं पांचही मुख्य ऑस्कर पारितोषिकें मिळविणारें हें पहिलेंच चित्र. तरीही 'हलकें'!

बरें, हलकें तर हलकें. पण त्याचा हलकेपणा कशाचा बनलेला आहे? पावसाच्या रात्रीं तीं दोघें मोटारवाल्यांसाठीं असलेल्या एका खोपटांत उतरतात. दोन खाटांमध्यें दोरी बांधून तो ब्लँकेट टांगतो आणि त्याला बायबलांतील 'जेरिकोच्या भिंती'चें नांव देतो. दिवा मालवला जातो. बाहेर पाऊस, काचेवर पाण्याचे ओघळ, आणि अंधारांत क्लॉडेट कोल्बेरच्या डोळ्यांत चमकणारा प्रकाशाचा एक कण. संवाद थोडा आणि हालचाल जवळजवळ नाहीं. थट्टेचें रूपांतर ओढीमध्यें कोठें झालें, हें त्या एका कणावरून समजावयाचें असतें. छायालेखक जोसेफ वॉकर यांनीं तो कण तेथें मुद्दाम ठेवला आहे. स्नेह्यांच्या तबकडींत तो नव्हताच! होता तो काळा डाग. पुढें चांदण्यांत ओढा ओलांडतांना तो तिला खांद्यावर टाकून चालतो, आणि मग गवताच्या गंज्यांजवळ दोघें रात्र काढतात. तेथेंही पाण्यावरची चकाकी गेली, गवताच्या काड्या गेल्या, उरले दोन आवाज. मग आपण काय पाहिलें? नभोनाट्यच ऐकलें म्हणाना.

आतां त्या ताणलेल्या पहिलवानाकडे वळूं. हें चित्र सुमारें १.३७ रुंदीला १ उंची या मापानें घेतलेलें. आजच्या दूरदर्शन-संचाचें माप १.७८ला १. दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या ठेवल्या कीं चित्र जसेंच्या तसें दिसतें. पण विकत घेतलेल्या पडद्याचा कांहीं भाग काळा राहतो हें आमच्या लोकांना आर्थिक नुकसान वाटतें! मग एक तर चित्र ताणावयाचें, म्हणजे प्रत्येक माणूस सुमारें तीस टक्के रुंद. किंवा तें मोठें करून वरून-खालून कापावयाचें, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा फुकट. या चित्रांत बसमधल्या उतारूंच्या चेहऱ्यांनीं चौकट भरलेली आहे. मंदीचे दिवस, उपाशी आई मूर्च्छित पडते, तिचा मुलगा रडतो, आणि आपल्याजवळ फारसें कांहीं उरलेलें नसतां हे दोघे त्याच्या हातांत पैसे ठेवतात. ज्याला कोणी हलकें म्हणतो त्याच्या अंगाखालचें वास्तव हें आहे. कात्री बरोबर त्यावरूनच फिरते.

कालमानाचीही अशीच गोष्ट. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनीं चालतो. पॅल पद्धतीच्या तबकड्यांवर तो पुष्कळदां २५ नें पळविला जात असे. त्यामुळें १०५ मिनिटांचें चित्र १०१ मिनिटांत आटोपतें आणि आवाज बहुधा थोडासा चढतो. चार मिनिटांनीं काय बिघडतें असें विचारणाऱ्यानें एखाद्या कसलेल्या नटाला विचारावें कीं विनोदी वाक्यापूर्वींचा विराम किती लांब असावा. शोकान्त नाटकांत क्षणभर इकडेतिकडे झालें तर निभावतें. विनोदांत निभावत नाहीं. म्हणजे माझ्या स्नेह्यांचा सिद्धान्त नेमका उलटा धरला पाहिजे.

याच्या उलट टोंकाचा अपराध म्हणजे अतिस्वच्छता. फिल्मवरील चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचें बनलेलें असतें. तो रवा म्हणजे घाण नव्हे, ती त्या चित्राची कातडी आहे. कांहीं उत्साही कारागीर यंत्राकडून तो रवा पुसून घेतात, मग चेहरे मेणाचे होतात, आणि हलणारा पाऊस व हलणारा रवा यांतला फरक यंत्राला न कळल्यामुळें पाऊसही थोडा वाहून जातो. क्रायटेरियननें २०१४ सालीं काढलेली या चित्राची ब्लू-रे, चार-के पद्धतीच्या नव्या पुनरुद्धारावरून केलेली, या मोहाला बळी पडलेली नाहीं. तींत रवा आहे, रात्रीला छटा आहेत. एक दृश्य दुसऱ्यांत विरघळतें तेथें चित्र जरा मऊ पडतें, परंतु तसे सांधे त्या काळीं नक्कल काढून केले जात, तेव्हां तो दोष नव्हे, इतिहास आहे. ही तबकडी पाहून "एवढे पैसे घेतले आणि ठिपके ठेवलेच!" अशी तक्रार करणारेही मला भेटले आहेत. त्यांना काय सांगावें?

कोणी म्हणेल, परदेशी चित्राची ही काळजी आपण कां वाहावी? तर याच कथेच्या छायेंत आपल्याकडे १९५६ सालीं अनंत ठाकूर यांचा 'चोरी चोरी' आणि १९९१ सालीं महेश भट्ट यांचा 'दिल है के मानता नहीं' असे दोन चित्रपट निघाले. 'चोरी चोरी'चीं गाणीं घरोघरीं जपलीं गेलीं. त्यांतील राज कपूर आणि नर्गिस यांचें हंसणें-रुसणें मात्र कोणत्या अंधुक प्रतींत पाहिलें याची खंत कोणाला आहे? पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, तरीही जेथें एकेकाळीं 'प्रभात'चा स्टुडिओ होता त्या आवारांत २००३ सालीं लागलेल्या आगींत जुन्या नायट्रेट फिल्मा जळाल्या. आगीला निदान साक्षीदार असतात. घरच्या पडद्यावर जें रोज थोडें थोडें पुसलें जातें त्याची बातमीही येत नाहीं, कारण पाहणारा म्हणतो, "हंसूं आलें ना!"

पुढच्या रविवारीं मी माझी तबकडी घेऊन त्या स्नेह्यांकडे गेलों. बाजूच्या काळ्या पट्ट्यांवरून प्रथम थोडी चकमक झाली. पावसाचें दृश्य आलें तेव्हां मात्र ते कांहीं बोलले नाहींत, आणि त्यांच्या पत्नींनीं तेवढा भाग पुन्हा लावावयास सांगितला. चहाच्या वेळीं स्नेह्यांनीं किंमत विचारली, मीं सांगितली, आणि एवढ्यांत आपल्या दहा तबकड्या आल्या असत्या असा हिशेब त्यांनीं ताबडतोब करून दाखविला. त्या हिशेबांत मला चूक काढतां आली नाहीं.