उतारावरचे पोकलेन आणि जुलैचा हप्ता

माळशेज घाटात दरड कोसळली की कल्याण-अहिल्यानगर वाहतूक ठप्प होते आणि 'ढिगारा उपसण्याचे काम युद्धपातळीवर सुरू' अशी बातमी येते. ही युद्धपातळी म्हणजे बहुधा एक पोकलेन आणि त्याच्या केबिनमधला एक ऑपरेटर. (नाव एका फ्रेंच कंपनीचे, आपण ते साऱ्या जातीला देऊन टाकले.)

या यंत्राचा गुणच घातक आहे. धूड वीस टनांचे. पण रुंद साखळ्यांमुळे भार पसरतो, चौरस सेंटीमीटरला जेमतेम अर्धा किलो. चालत्या माणसाच्या पावलाखाली येतो त्याहून फारसा अधिक नाही. त्यामुळे ट्रक रुततो तिथे पोकलेन बिनदिक्कत जाते, आणि जाता आले म्हणजे काम करता येईल असा समज होतो. चिखलाने साखळीच्या खाचा भरल्या की पकड सुटते. उतारावर आडवे चालवले, किंवा भरलेली बकेट दरीकडे फिरवली, की तोल त्या बाजूला जातो. म्हणून सरळ चढावे, सरळ उतरावे, बकेट जमिनीलगत ठेवावी, खोदण्याआधी उभे राहायला सपाट पायरी कापून घ्यावी आणि पट्टा बांधावा. कलंडताना बाहेर उडी मारणारा अनेकदा यंत्राखालीच सापडतो.

जाणत्या ऑपरेटरला हे सारे ठाऊक असते. मग तो का जातो?

मला त्याचे उत्तर कर्जखात्यात दिसते. मी बँकेत असताना पीककर्जाची फेड सुगीला बांधून देत असू. यंत्राच्या कर्जाला मात्र बारा महिने सारखाच हप्ता. भाडे तासावर. म्हणजे जुलैत थांबलेले यंत्र मालकाला नुसते खाते, आणि मग ऑपरेटरला 'जरा बघ, जमतंय का' असा फोन जातो. त्या 'जरा'ला नाही म्हणण्याची सोय कुठल्याच कागदावर नसते. पावसाळ्याचे हप्ते उरलेल्या आठ महिन्यांत वाटून देणे बँकांना अवघड नाही. त्यात पुण्यकर्मही नाही. दरीत गेलेले यंत्र हे तारण म्हणून काय कामाचे?

रस्ता बंद ठेवायचा काय, असे कोणी विचारील. 2023 च्या जुलैत इरशाळवाडीला मातीखाली माणसे असताना अंधार आणि पावसामुळे शोधकार्य रात्री थांबवावे लागले होते. माळशेजला थांबले तर जुन्नर-ओतूरची भाजी कल्याणच्या बाजारात चार तास उशिरा येईल. त्या चार तासांचे भाडे मात्र यंत्रमालकाला मिळायला हवे, आणि तशी तरतूद निविदेतच लिहिलेली हवी.