नक्षत्रें कुणब्याचीं, दक्षिणा भिक्षुकाची

मृग निघाला हें विंझरच्या कुणब्यास कोणी पोथी उघडून सांगावें लागत नाहीं. रोहिणी लागण्यापूर्वीं राब भाजून झालेला असतो, मिरगाच्या तोंडावर तरवा पेरावयाचा असतो, तरण्या पावसांत लावणीला हात घालावा लागतो आणि म्हातारा सरेपर्यंत ती उरकावी लागते. हत्तीचा पाऊस बेतानें आला तर दाणा भरतो. माजून आला तर उभें पीक लोळवून जातो. पुनर्वसूला तरणा आणि पुष्याला म्हातारा हीं नांवें कोणा शास्त्र्यानें ठेविलेलीं नाहींत. तीं चिखलांत, इरल्याखालीं ठेविलेलीं नांवें आहेत. ज्याच्या बापजाद्यांनीं आकाश असें घरच्या माणसासारखें ओळखलें, तोच कुणबी घरांत पोर जन्मलें कीं आकाशाला भिऊन पंचांगवाल्याच्या दारीं धांवतो, हें कसें झालें?

आकाशाचें शास्त्र देवाला भजण्यासाठीं निघालें असें कोणी सांगितलें तर आम्ही मानणार नाहीं. तें पोटासाठीं निघालें. मिसर देशांत नाईल नदीला वर्षाकांठीं पूर येई व त्या गाळावर धान्य पिके. पूर येण्याच्या सुमारास व्याधाचा तारा सूर्योदयापूर्वीं पूर्वेस पहिल्यानें दिसतो, हें तेथील लोकांनीं हेरून ठेविलें होतें. ३६५ दिवसांचें वर्षहि त्यांनीं बांधलें. हाच व्याध आपल्याकडे तिकांड्याचे तीन तारे धरून खालीं गेलें कीं सांपडतो. रात्रीं राखणीला जाणाऱ्या प्रत्येकानें तो पाहिला आहे. बाबिलोनच्या लोकांनीं ओल्या मातीच्या पाट्यांवर ग्रहणें आणि शुक्राचे उदयास्त कोरून ठेविले, व पिढ्यान् पिढ्या जमलेल्या त्या टिपणांवरून ग्रहणें १८ वर्षें ११ दिवसांनीं फिरून येतात हें काढलें. तें काम देवळांतील कारकुनांनीं केलें. नेटानें टिपण ठेवणाऱ्यास मान दिलाच पाहिजे, मग तो पुजारी कां असेना.

आपल्या देशांत वेदांग ज्योतिष हा फार जुना ग्रंथ. त्यांत नक्षत्रें आहेत, तिथि आहेत. पण मेष-वृषभादि राशी नाहींत आणि सोमवार-मंगळवारहि नाहींत. राशी बाबिलोनाकडे निपजल्या व ग्रीक लोकांच्या हातून इकडे आल्या. यवन म्लेंच्छ खरे, पण हें शास्त्र त्यांच्यापाशीं आहे म्हणून ते ऋषींसारखे पूज्य, असें वराहमिहिरानें सहाव्या शतकांत मोकळ्या मनानें नमूद केलें आहे. म्हणजे म्लेंच्छाची राशि चालली, अस्पृश्याच्या हातचें पाणी मात्र चाललें नाहीं! आणि आज ह्याच राशी आम्हांस सनातन म्हणून सांगण्यांत येतात.

ग्रहणाचें तर याहून नवल. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, ग्रहण छायेमुळें होतें असें स्पष्ट लिहिलें. राहु नाहीं, केतु नाहीं. चंद्राची छाया आणि पृथ्वीची छाया. पुढें इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्त झाला. त्याला छायेचें गणित पक्कें येत होतें, तरी राहूला न मानणाऱ्यांसच त्यानें दोष दिला. अल्-बीरूनी नांवाच्या मुसलमान पंडितानें इ. स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयीं ग्रंथ लिहिला, त्यांत ह्याबद्दल ब्रह्मगुप्ताला चांगलेंच धारेवर धरलें आहे. आमच्या मतें आपल्या देशाचा खरा तोटा येथें झाला. खरें ठाऊक नव्हतें म्हणून नव्हे, तर ठाऊक असून तें चार भिंतींच्या आंत ठेविलें म्हणून. बाहेर लोकांसाठीं राहूच ठेविला, कारण छायेला कोणी दान देत नाहीं. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीं खग्रास चंद्रग्रहण होतें. तें किती वाजून किती मिनिटांनीं लागणार हें सर्वांच्या मोबाइलवर आधींच आलें होतें. आणि कोणत्या राशीला तें वाईट, गरोदर बाईनें विळीला हात कां लावूं नये, हेंहि त्याच मोबाइलवर आलें होतें.

जोतीराव फुल्यांनीं ही लबाडी १८५५ सालींच ओळखली होती. त्यांच्या 'तृतीय रत्न' नाटकांत गरोदर कुणबीण आणि तिचा नवरा यांस ग्रहांची भीति घालून जोशी कसा नागवतो तें दाखविलें आहे. नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविलें, कमिटीनें नापसंत केलें. दक्षिणा म्हणजे पेशवाईंत ब्राह्मणांस वांटीत ती रक्कम. इंग्रजी अमलांत तिचा कांहीं भाग ग्रंथांच्या बक्षिसाकडे वळला. पैसा मूळचा शेतसाऱ्याचाच. गांवजोश्याचें तर वतन असे. त्याला न बोलावतां लग्न लाविलें तरी तो दक्षिणेचा दावा लावी. जुन्नर तालुक्यांत ओतूरच्या सत्यशोधकांस अशाच तंट्यासाठीं कोर्टाची पायरी चढावी लागली. सीताराम केशव बोले यांनीं कायदेमंडळांत खटपट केली, व १९२६ सालच्या कायद्यानें न बोलावलेल्या जोश्याचा हक्क संपला.

हक्क संपला, भीति संपली नाहीं. मुलगी मूळ नक्षत्रावर झाली म्हणून म्हशीच्या दुधाचे सांठविलेले पैसे शांतींत घालणारीं घरें आम्हांस आमच्याच खोऱ्यांत ठाऊक आहेत. तीच मुलगी पुढें उपवर झाली म्हणजे मूळ सासऱ्याच्या मुळावर येतें म्हणून आलेलीं स्थळें परत जातात. येथें एक गोष्ट आपल्याच लोकांस सांगितली पाहिजे. आतां मुहूर्त विकणारा ब्राह्मणच असतो असें राहिलें नाहीं. आपल्याच जातीचे, आपल्याच आडनांवाचे लोक हें दुकान मांडून बसले आहेत, आणि गल्ला तितकाच भरतो.

ह्या दुकानांतील माल एकदां तराजूंत घातला गेला आहे. कोल्हापुरांत जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनीं २००८ सालीं, नरेंद्र दाभोळकर वगैरे सहकाऱ्यांच्या साह्यानें, २०० मुलांच्या कुंडल्या जमविल्या. १०० मुलें हुशार, १०० मतिमंद. ज्योतिष्यांस प्रत्येकीं ४० कुंडल्या देऊन हुशार कोण व मतिमंद कोण एवढेंच सांगावयास सांगितलें. २७ जणांनीं उत्तरें धाडलीं. शेंकडा ४६ बरोबर आलीं. नाणें उडवून छापा-कांटा केला असता तर शेंकडा ५० च्या आसपास आलीं असतीं, व दक्षिणाहि वांचली असती.

मग पंचांग चुलींत घालावें काय? नाहीं. त्यांतील गणित ठेवावें, फळ टाकावें. आणि गणितहि आकाशाशीं ताडून घ्यावें. हें आम्हांस शिकविलें एका ब्राह्मण मास्तरानें, हें सांगावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (जन्म १८५३) पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत शिकलेले शाळामास्तर. त्यांनीं भारतीय ज्योतिषाचा भला मोठा इतिहास लिहिला, तोहि मराठींत, आणि त्याच दक्षिणा कमिटीच्या बक्षिसासाठीं! १८९६ सालीं तो छापला. दोन वर्षांत, पंचेचाळिशीच्या आंतच, ते वारले. सायन पंचांगाचा त्यांनीं पुरस्कार केला. त्यांचें मागणें एवढेंच कीं पंचांगानें ऋतूंशीं प्रामाणिक असावें. दिवस मोठा होऊं लागतो २२ डिसेंबरला, आणि आपण संक्रांतीचा तिळगूळ वांटतो १४-१५ जानेवारीला. हें अंतर कोठून आलें? पृथ्वीचा आंस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, सुमारें २६,००० वर्षांनीं एक फेरा. त्यामुळें नक्षत्रें ऋतूंच्या हिशेबानें दर ७२ वर्षांस एक दिवस पुढें सरकतात. वराहमिहिराच्या वेळीं सूर्य मृगांत आजच्या मानानें मेच्या तिसऱ्या आठवड्यांत शिरे. आज ७-८ जूनला शिरतो. आणखी पंधराशें वर्षांनीं जून सरतां सरतां शिरेल. पाऊस मात्र मृगासाठीं थांबणार नाहीं. तो समुद्राच्या वाऱ्यावर येतो, नक्षत्राच्या वाहनावर नव्हे. वाहन बेडूक असो वा म्हैस असो.

हें पडताळण्यास दुर्बीण लागत नाहीं. एक सरळ काठी अंगणांत ओळंब्यानें उभी रोवावी. गांवांत गवंडी आहे, त्याचा ओळंबा मागून आणावा. रोज दुपारीं सावलीच्या टोंकाशीं खडा ठेवीत जावें. विंझरांत मे महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास एका दिवशीं ती सावली अजिबात नाहींशी होते. जुलैच्या अखेरीस पुन्हां होते, पण त्या वेळीं आमच्या मावळांत सूर्य कोणाला दिसतो! शाळेला मेमध्यें सुटी असते. तरी पोरांनीं व बायाबापड्यांनींहि ओट्यावर यावें. मात्र घड्याळांत बारा वाजतां येऊन निराश होऊन परतूं नये. घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा आपल्याकडे एक नाहींत. काठी साडेबाराच्या सुमारास पाहावी.