लाल दिवा लागला, आता आधी काय?

बाटल्यांत तेल भरणारे यंत्र तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. बाटली येते, थांबते, तोटी उघडते, ठरल्या वेळी बंद होते आणि पट्टा पुढे सरकतो. हा सारा क्रम सांभाळणारी पेटी शेजारच्या कपाटात असते. तिचे नाव प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजेच पीएलसी. अमेरिकेतील रिचर्ड मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ च्या सुमारास बनवलेला मोडिकॉन ०८४ हा अशा नियंत्रकांच्या आद्य पिढीतला.

एखाद्या दिवशी या पेटीवर लाल दिवा लागतो, ‘मेमरीत दोष’ असा संदेश येतो आणि यंत्र थांबते. मग बहुतेकांचा हात आधी जातो तो बटणाकडे. बंद करा, पुन्हा चालू करा! पुष्कळदा यंत्र सुरूही होते आणि सगळे हुश्श करतात. माझे भांडण आहे ते या हुश्श करण्याशी.

का, ते पाहा. तोटी साडेसहा सेकंद उघडी ठेवायची, हे नियंत्रकाच्या स्मृतीत ६५ (सेकंदाचे दशांश) असे लिहिलेले असते. दोनच अंकांच्या भाषेत ते ०१०००००१. यातला डावीकडचा पहिला शून्य काही कारणाने एक झाला, तर संख्या होते १९३. तोटी एकोणीस सेकंदांहून अधिक वेळ उघडी राहणार! तेल जमिनीवर सांडेल, एवढेच. पण तेलाऐवजी तिथे आम्ल असेल तर? म्हणूनच नियंत्रक मधूनमधून आपल्या स्मृतीतील संख्यांची बेरीज करून ती जपून ठेवलेल्या बेरजेशी ताडून पाहतो. मेळ बसला नाही की तो थांबतो. हे थांबणे शहाणपणाचे आहे. पण बेरजेवरून काहीतरी चुकले एवढेच कळते. का चुकले, हे शोधायचे काम माणसाचे.

आणि त्यासाठी खुणा लागतात. दोष कोणत्या पत्त्यावर दाखवला? दर वेळी तोच पत्ता येत असेल, तर चिप खराब झाल्याचा संशय घ्यावा. पत्ता दर वेळी निराळा असेल, पण शेजारची मोठी मोटार सुरू होतानाच दोष येत असेल, तर चिपला दोष न देता अर्थिंग, वायरिंग आणि वीजपुरवठा तपासावा. सुट्टीनंतर सोमवारी सकाळीच दिवा लागला, तर बॅटरी पाहावी. जुन्या धाटणीच्या नियंत्रकांत प्रोग्राम ज्या मेमरीत असतो, ती वीज गेली की सारे विसरते. तिला तेव्हा आधार असतो तो एका छोट्या लिथियम बॅटरीचा. नव्या नियंत्रकांत फ्लॅश मेमरी आल्याने ही कटकट बरीच कमी झाली आहे, पण जुने नियंत्रक अजूनही कामावर आहेत. माझा एक जुना विद्यार्थी एका कारखान्यात आहे. तिथे कोणीतरी, सुरक्षित म्हणून, मुख्य वीज बंद करून ही बॅटरी बदलायला घेतली. प्रोग्राम गेला, दोषाची नोंदही गेली. प्रोग्रामची प्रत कोणी काढून ठेवली नव्हती. तो पुन्हा लिहायला तीन दिवस लागले.

आता बटण दाबणाऱ्याच्या बाजूनेही बोलतो. १९७८ साली इंटेल कंपनीतील टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी दाखवले, की चिपच्या आवरणात युरेनियम-थोरियमचा अगदी सूक्ष्म अंश असतो आणि त्यातून निघणारा अल्फा कण मेमरीतला अंक उलटवू शकतो. तुम्हीच हिशेब करा. कणाची ऊर्जा समजा ५० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन मोकळा करायला सरासरी ३.६ लागतात. म्हणजे एका कणामागे जवळजवळ १४ लाख इलेक्ट्रॉन! त्या काळच्या मेमरीच्या एका घरातला विद्युतभारही साधारण याच पल्ल्यातला होता. अशा वेळी चिप धडधाकट असते. अंक पुन्हा लिहिला की काम झाले. इथे बटण दाबणारा बरोबर ठरतो! पण दोष असाच होता, हे कळणार कसे? तो पुन्हा त्याच जागी येत नाही, हे कोणीतरी लिहून ठेवले तरच.

उत्पादन थांबले की मिनिटामिनिटाला पैसे बुडतात, असे कारखानदार म्हणतात. खरे आहे. पण पत्ता, वेळ आणि त्या क्षणी शेजारी काय चालू होते, हे टिपायला दोन मिनिटे पुरतात.

ही सवय नोकरी लागल्यावर लागत नाही. आमच्या प्रयोगशाळेत गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला नाही, की मुले मुकाट्याने शेजारच्या टेबलावरचा संच उचलतात. बंद संच तसाच पडून राहतो आणि वाचने मात्र सुरेख येतात. प्रात्यक्षिक परीक्षेत एक संच मुद्दाम बिघडवून ठेवावा आणि गुण वाचनांना न देता, बिघाड कसा शोधला याच्या टिपणाला द्यावेत, असे माझे मत आहे. स्टाफरूममध्ये हे सुचवले तेव्हा एक सहकारी हसून म्हणाले, “मुद्दाम कशाला बिघडवायला हवा?”